मिर्झापूरचे अकरा

सभा अकराची होती. आप्पा अकरा वाजून २७ मिनिटांनी आले, दारात चपला काढल्या, शबनम खुंटीला अडकवली, खुर्चीत नीट बसले आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "हं, अकरा वाजले. करा सुरुवात."

आम्ही तोवर पहिला विषय आटोपून दुसऱ्या कचोरीवर आलो होतो.

"आप्पा, साडेअकरा होत आले," मी म्हटलं. चिटणीस म्हणून म्हणावं लागतं.

"ते मिर्झापूरला," आप्पा म्हणाले.

हे काय प्रकरण आहे ते आप्पा प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, आणि त्यातून तुम्ही तेवढे सुटावं असं मला वाटत नाही. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. ती रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. जयपूर तिच्या पश्चिमेला साडेसहा-पावणेसात अंशांवर. एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात. म्हणजे मिर्झापूरच्या माथ्यावर आलेला सूर्य जयपूरच्या माथ्यावर यायला २७ मिनिटं घेतो. "आता ही समिती कशाची? सौरऊर्जेची. मग तिने सूर्याच्या वेळेने बसायचं की मिर्झापूरच्या?" यावर आमचे अध्यक्ष एकदा 'आप बिलकुल सही फरमा रहे हैं' म्हणून गेले. ते जोहरी बाजारातले जव्हेरी, गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नाही. त्यांची ती चूक आम्ही सगळे अजून भोगतो आहोत.

बरं, ते २७ तरी पक्के असावेत! एका फेब्रुवारीत मी शहाणपणा केला. आप्पांना सभा साडेदहाला आहे असं कळवलं, म्हणजे अकराच्या आत येतील. आले अकरा वाजून अकरा मिनिटांनी. पृथ्वीचा आस कललेला, सूर्याभोवतीची तिची वाट लांबट, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे असतो कधी मागे, आणि फेब्रुवारीच्या मध्याला तो १४ मिनिटं मागे असतो. २७ आणि १४, झाले ४१. हे मला त्यांनी जिन्यातच ऐकवलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हाच सूर्य १६ मिनिटं पुढे पळतो. तेव्हा आप्पा जेमतेम अकरा मिनिटं उशिरा येतात आणि आम्हाला 'आज लवकर कसे?' असं वाटतं.

इथल्या एका मराठी लग्नात गुरुजींशी त्यांची जुंपली. पंचांग पुण्यात छापलेलं, मग मुहूर्त जयपूरचा कसा? मंगलाष्टकं थांबली, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, आणि नवरामुलगा अक्षता सुकेपर्यंत रेखांश ऐकत उभा राहिला. 'मिर्झापूर' नावाची वेबसिरीज आली तेव्हा आप्पांना खरोखरच वाटलं की अखेर कुणीतरी या विषयाला वाचा फोडली. पहिला भाग त्यांनी वही घेऊन पाहिला म्हणतात.

मुंबईची गाडी मात्र आप्पा कधी चुकवत नाहीत. स्टेशनवर तासभर आधी हजर. "रेल्वे मिर्झापूरची आहे. तिच्याशी वाद नाही." माणसाला सगळं कळत असतं, ते असं.

वर त्यांच्याकडे दाखलेही असतात. स्टँडर्ड टाइम आला १९०६ साली, पण मुंबईने तो सहजासहजी मानला नाही. ३९ मिनिटं मागची स्वतःची मुंबई वेळ तिथे १९५५ पर्यंत रेटून नेली. "तुमची मुंबई ३९ मिनिटांसाठी पन्नास वर्षं भांडली. मी २७च मागतोय."

आणि ते २७! ते तर आप्पांचं दैवत आहे. जंतरमंतरातलं बृहत् सम्राट यंत्र म्हणजे जगातलं सगळ्यांत मोठं दगडी सौरघड्याळ. उंची? २७ मीटर. त्याच्या चढत्या भिंतीचा उतार? जयपूरच्या अक्षांशाइतका, २६ अंश ५५ कला, "म्हणजे २७च." शहराची पायाभरणी? १७२७. नक्षत्रं किती? कुणीतरी दमून म्हणतं, "सत्ताईस, आप्पाजी." मग ते कृतार्थ होतात आणि कचोरीकडे वळतात. या यंत्रावर सावली सेकंदाला एक मिलिमीटर सरकते, दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते, हेही ते सांगतात. ज्या माणसाला दोन सेकंद दिसतात त्याला आमची २७ मिनिटं कशी दिसत नाहीत, हे कोडं मला सुटलेलं नाही.

खेरीज मराठी अभिमान आहेच. ही वेधशाळा उभारणाऱ्या सवाई जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे ज्योतिषी होते, ते महाराष्ट्रीय ब्राह्मण. अरबी शिकून त्यांनी टॉलेमी आणि युक्लिड संस्कृतात आणले. राजाचे गुरू रत्नाकर पौंडरीक, तेही महाराष्ट्रातलेच. ब्रह्मपुरीत पुंडरिकांची हवेली आजही चित्रांसकट उभी आहे. आप्पा हे असं सांगतात की जणू जगन्नाथ सम्राटांनी जाताना किल्ल्या त्यांच्याकडे ठेवल्या आहेत.

असल्या समित्या जयपूरला नव्या नाहीत. अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्र सरकारने देशातली ६० शहरं 'सोलर सिटी' करायला घेतली. आपल्याकडची नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली त्यात होती, आणि राजस्थानातून अजमेर, जोधपूर, जयपूर. पारंपरिक ऊर्जेची मागणी पाच वर्षांत १० टक्क्यांनी खाली आणायची. त्यासाठी आराखडा, आराखड्यासाठी कक्ष, कक्षाला सल्ला द्यायला समिती. शहराला अनुदान जास्तीत जास्त ५० लाख. पुढे महापालिकेचेच हेरिटेज आणि ग्रेटर असे दोन तुकडे झाले, तेव्हा फायली कुणी न्यायच्या यावर बैठका झाल्या. आमची समिती या सगळ्याची धाकटी, वॉर्डातली पाती: पालिकेच्या दोन-चार इमारती आणि एक शाळा, यांच्या छतांवर पॅनल बसतील का ते बघायचं. मी चिटणीस झालो, कारण बँकेतला आणि अक्षर बरं. आप्पा आले, कारण अध्यक्षांच्या मते 'मराठी आदमी हिसाब का पक्का होता है.'

पहिली सभा रंगावर गेली. १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून शहराला गेरूचा गुलाबी हात दिला, तो अजून निघालेला नाही. त्यावर ही निळी-काळी तावदानं कशी दिसतील? एका सदस्याने पॅनल गुलाबी मिळतात का अशी लेखी विचारणा केली. दुसरी सभा पतंगांवर. संक्रांतीला अख्खं जयपूर छतावर असतं. पॅनल लावल्यावर 'वो काटा' करून धावायचं कुठे? तिसरी सभा माकडांवर गेली आणि तीच काय ती अनुभवाच्या आधारावर झाली.

चौथ्या सभेपासून विषय एकच उरला, सावली. "आधी सावली बघू," आप्पा म्हणाले. बघू म्हणजे वर्षभर बघू. बावीस डिसेंबर धरून वर्ष पुरं झाल्याशिवाय छताला हात लावायचा नाही. मग हा गृहस्थ महिन्यातून दोनदा शाळेच्या छतावर जाऊ लागला. शबनममध्ये रुमालात गुंडाळलेला पितळी ओळंबा, सुतळी, आणि चष्म्याच्या जुन्या डबीत गेरूचा खडा. ममटीची (इथे जिन्यावरच्या खोलीला ममटी म्हणतात) आणि तिच्यावरच्या काळ्या टाकीची सावली जिथे संपेल तिथे गेरूने रेघ, शेजारी तारीख आणि 'ज. वे.' ज. वे. म्हणजे जयपूर वेळ. मुख्याध्यापिका मला फोन करून विचारायच्या, "ये आपके अंकलजी छत पर कोई पूजा कर रहे हैं क्या?"

मधल्या काळात आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती कुणालाच आवडली नाही. जयपुरात ऊन बख्खळ म्हणून वीजही बख्खळ, असं नसतं. पॅनलची ताकद मोजतात २५ अंशांना. त्यावर प्रत्येक अंशाला टक्क्याचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त गळतो, आणि मे महिन्यात इथलं पॅनल ६०-६५ अंशांपर्यंत तापतं. वर आँधीची धूळ. "पॅनलला उजेड हवा, ताप नको," आप्पा म्हणाले, "आपल्यासारखंच." अध्यक्षांचा चेहरा पडला. उन्हाचं भांडवल ते सगळ्या भाषणांत वापरत होते.

जूनमध्ये एका कंपनीचा मुलगा आला. पॅनल कंपनीचे, खर्च कंपनीचा, आपण फक्त छत द्यायचं आणि पंचवीस वर्षं ठरल्या दराने वीज घ्यायची. त्याने मोबाइल छताभोवती फिरवला, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. जूनच्या त्या वेळी जयपुरात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ममटी आणि टाकी मिळून चौदा फूट उंच, आणि सावली जेमतेम वीतभर. "शॅडो तो है ही नहीं," मुलगा म्हणाला. आप्पा म्हणाले, "डिसेंबर में आओ." मुलगा हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही एक नीच काम केलं, आणि ते सुचलं मला. पुढच्या सभेत बरोबर अकराला (मिर्झापूरच्या) गणसंख्या मोजली, प्रस्ताव वाचला, सूचक, अनुमोदक, मंजूर. अकरा वाजून बावीस मिनिटांनी सह्या पूर्ण. आप्पा आले तेव्हा आम्ही पुढच्या विषयाच्या अर्ध्यात होतो. त्यांनी इतिवृत्त वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "अक्षर छान आहे, चिटणीस."

सप्टेंबरमध्ये दहा किलोवॅटची पॅनलं उभी राहिली, नारळ फुटला, फोटो आला. रोज चाळीसच्या आगेमागे युनिट पडू लागले. नोव्हेंबर उतरताना आकडा घसरला. थंडीत दिवस लहान, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. डिसेंबरात तो इतका खाली आला की कंपनीने इन्व्हर्टर बघितला, वायरमनने वायरी बघितल्या, मुख्याध्यापिकांनी माकडं बघितली. शेवटी अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "आप्पाजी को बुला लो. और हां, टाइम उन्हीं से पूछ लेना."

बावीस डिसेंबरला आम्ही दोघं छतावर चढलो. आप्पांचा गुडघा दुखतो, दर चार पायऱ्यांनी ते थांबत होते. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य कोणत्या पायरीवर येतंय, याची मी वाट बघत होतो. वर गेलो तर ममटीची सावली पहिल्या रांगेवर आडवी पसरलेली. पॅनलं दिव्यांच्या माळेसारखी एकाला एक जोडलेली असतात. एकावर काळोख आला की सगळ्या माळेचा जोर उतरतो. आप्पा खाली बसले आणि लोखंडी पायापाशी हाताने धूळ सारली. खाली गेरूची रेघ होती. गेल्या वर्षीचा बावीस डिसेंबर, ज. वे. बारा, ममटीपासून सतरा फूट. कंपनीच्या मिस्त्रीने पहिल्या रांगेचे पुढचे पाय तिच्या पाच फूट आत रोवले होते, आणि मागचा एक पाय नेमका तारखेवर.

आप्पांनी ओळंबा काढला, सुतळी सोडली. मग पॅनलच्या कडेला हात लावून म्हणाले, "तिरपं बघा कसं ठेवलंय. दक्षिणेला खाली, उत्तरेला वर, २७ अंश. सम्राट यंत्राची भिंत अशीच चढते. तंतोतंत. या पोरांना माहीत नाही त्यांनी काय बांधलंय."

खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. अठरा वर्षं जयपुरात आहे, पाव्हण्यांना घेऊन चाळीसदा तरी त्या भिंतीखाली उभा राहिलो असेन.

"आप्पा, तुम्ही नोकरीत असताना काय करायचात हो? ही वेळ तिथे कशी चालायची?"

"रेल्वेत होतो. चालायची कसली! तेहतीस वर्षं मिर्झापूरची वेळ पाळली, एकदाही लेट नाही." ओळंबा हलायचा थांबला होता, तरी ते त्याच्याकडेच बघत होते. "पहाटेची ड्यूटी असायची. थंडीत मी निघायचो तेव्हा इथे उजाडलेलं नसायचं. मुलं उठायची मी गेल्यावर. ही विचारायची, अर्धा तास थांबलं तर काय बिघडेल? मी म्हणायचो, गाडी थांबते का?"

यावर काय बोलायचं ते मला कळेना. मी कचोरीची पुडी पुढे केली. त्यांनी एक घेतली, तेल निथळू नये म्हणून दुसऱ्या हातातला ओळंबा लांब धरला.

पॅनलं सरकवायला कंपनी वेगळे पैसे मागते आहे, टाकी हलवायला पाणीवाले वेगळी फाइल मागताहेत, आणि दोन्ही पत्रं माझ्या सुंदर अक्षरात जाणार आहेत. ते सगळं पुढच्या सभेत. तेवढ्यात शिपाई जिन्यातून डोकं काढून ओरडला, "बाबूजी, टाइम क्या हुआ?" मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून तेवीस मिनिटं.

"बारह," मी म्हटलं.

आप्पांनी सावलीवरची नजर काढली नाही. "अजून दोन मिनिटं आहेत," ते म्हणाले.