चिकाटी शिकवणाऱ्या कोच साहेबांना खुले पत्र

कोच साहेब,

कुंभारीच्या विडी घरकुलापासून जुळे सोलापूरपर्यंत तुमचा वजनकाटा फिरतो. पावडरचे डबे तुम्ही खपवता आणि वजन उतरलं नाही की खापर गिऱ्हाइकावर फोडता: ‘ताई, तुमच्यातच चिकाटी नाही.’ वा! पैसे तुमच्या खिशात, दोष तिच्या पदरात. असा बिनतोट्याचा धंदा सोलापूरच्या चादरवाल्यांनाही जमला नाही.

ही ताई जरा जवळून बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोऱ्याने बांधायचं. ठरलेल्या विड्या पुऱ्या होईपर्यंत मांडी मोडायची नाही. गुडघे धरलेत, साखर वाढलीय, रात्री घोरता घोरता श्वास अडकतो आणि ती दचकून उठते. हिला तुम्ही चिकाटी शिकवणार?

मग हेही ऐका. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्हीवरच्या स्पर्धेत घाम गाळून वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. बहुतेकांचं वजन पुन्हा चढलं होतं आणि शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. त्यांच्यात काय चिकाटी नव्हती? आपल्या अंगाची गोष्ट तर आणखी अवघड. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. हे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी म्हणतात की बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर दुसरा आजार नसला तरी वजन उतरवणारी शस्त्रक्रिया सुचवावी आणि आशियाई माणसांसाठी २७.५ पासूनच तिचा विचार करावा.

पण तुमचं ठरलेलं वाक्य, ‘ऑपरेशन म्हणजे आळशांचा शॉर्टकट.’

‘स्लीव्ह’ नावाच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन जिथे सर्वांत जास्त तयार होतं, तो भागही त्यात जातो. जठराच्या ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. रक्तस्राव, जोडणीतून गळती हे धोके असतात आणि चांगला सर्जन ते आधीच सांगतो. पुढे काही आठवडे पातळ, मग मऊ जेवण, प्रत्येक घास चावून चावून. बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. नियम सोडला तर वजन परत येतं. याला शॉर्टकट म्हणणाऱ्याने आधी महिनाभर तसं जेवून दाखवावं. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांची आणि न झालेल्यांची सरासरी जवळपास अकरा वर्षं नोंद ठेवली. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी निघाला.

तुमच्या टोमण्यांनी ताईची वर्षं वाया जातात, हा माझा तुमच्यावरचा खरा आरोप. लाजेने ती डॉक्टरकडे जात नाही, गेलीच तर घरी सांगत नाही. आणि ऑपरेशननंतर तिला एकटं राहून चालत नाही. आहारतज्ज्ञ लागतो, मन मोकळं करायला समुपदेशक लागतो, त्याच वाटेने गेलेली चार माणसं लागतात. लग्नाच्या पंगतीत ‘अगं, एवढंच? अजून एक घे’ म्हणून ताटात वाढणारा हात आवरणारा नवरा लागतो. यातलं तुमच्या डब्यात काय येतं?

ताई, आता तुमच्याशी. लठ्ठपणा हा आजार आहे, गुन्हा नव्हे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सर्जरीच्या ओपीडीत जाऊन वजन, साखर, श्वास, सगळं सांगा. शस्त्रक्रिया प्रत्येकीला लागतेच असं नाही, पण तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्या. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा: विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा औषधांनी आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया म्हणून सरसकट नकार देता येत नाही. कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.