जवाची काकवी

तारेच्या कुंपणावर वाळत घातलेली गोधडी बाजूला सारून शेजारच्या आत्यांनी मान पुढं काढली, की समजायचं, बातमी मोठी आहे.

"वैनी, हळू बोला. नातू तिकडं अमेरिकेत जवाची काकवी करतोय."

"आणि नोकरी?"

"ती हाय की. ह्ये शनवार-रविवारचं. काल व्हिडिओवर दाखवलं सगळं. जवाला मोड आणून वाळवायचं, भरडायचं, पासष्ट-सदुसष्ट डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायचं. गोड रस निघतो. पहिला गढूळ येतो, तो परत कोंड्यावरच वतायचा. कोंडाच गाळणी! मग तासभर उकळायचा."

"आणि आटवला की काकवी?"

आत्यांनी मागच्या भाड्याच्या खोल्यांकडं पाहिलं. एमआयडीसीतली पोरं पहिल्या पाळीला गेलेली. "आटवत नाय वो. गार करून यीस्ट टाकतात. बिअर हाय ती."

"अहो आत्या!"

"मग भजनी मंडळात काय सांगू? अन् खोटं कुठं हाय? यीस्ट पडस्तवर गोड रसच की. वर्ट म्हणतात त्याला."

आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय परसात असलं काही शिजवलं तर पातेल्यासकट चौकीत जावं लागेल. तिकडं १९७८ मध्ये कार्टरसाहेबांनी सही केली, तेव्हापासून घरापुरती करायला केंद्राची मुभा आहे, विकायची मात्र नाही. हे आत्यांना पाठ होतं. नातवाची बाजू मांडायची तर कायदा माहीत हवाच.

"पण पोरगं रडकुंडीला आलंय. गाळ! उकळल्यावर तळाशी हिरवट-तपकिरी साका बसतो अन् नळीतनं सगळा बरणीत उतरतो. थोडा गेला तर बिघडत नाय म्हणे, यीस्टला त्यातलं थोडं खायलाच होतं. जास्त गेला की चव उग्र लागती. मी म्हणलं, मळी येती का वर? तर म्हणतो, फेस येतो. आरं, ती मळीच!"

आत्यांचे मालक दौंडकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते, आणि तो विषय निघाला की धुण्याची बादली खाली ठेवावी लागते. चुलवाणात चिपाडं धडधडतायत, काहिलीतला रस तापतोय, रानभेंडीची खोडं ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी त्यात पडतं, आणि रसातली सगळी घाण एकमेकीला चिकटून वर येते. ती झाऱ्यानं काढायची. उकळी फुटायच्या आधी काढायची, नाहीतर मळी पुन्हा रसात मिसळते आणि ढेप काळी पडते. त्या एका क्षणासाठी मालक तासभर काहिलीकडं टक लावून बसायचे, जेवायला हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. "माझ्याकडं कधी इतकं बघितलं नाय," हे आत्या दरवेळी म्हणतात.

"तर मी म्हणलं, भेंडी घाल. हसला. मग गप झाला. म्हणला, आज्जे, आम्ही समुद्रातलं शेवाळ घालतो. आयरिश मॉस. एकोणीस लिटराला चमचाभर, शेवटच्या दहा-पंधरा मिन्टांत. जवातली प्रथिनं त्याला धरून गोळा होतात. आता बोला! आमची घाण वर येती, त्यांची खाली बसती, येवढाच फरक."

"मग अडलं कुठं?"

"खाली बसलेला एका जागी ऱ्हायला नको? तर म्हणतो, व्हर्लपूल करतो. मी म्हणलं, ती कंपनी हितं रांजणगावात हाय, फ्रिज काढतात!"

व्हर्लपूल म्हणजे गॅस बंद करून पळीनं एकाच दिशेला जोरात भोवरा करायचा, झाकण ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. गाळ मधोमध टेकडीसारखा जमतो. मी म्हटलं, कडेला जाईल, गोल फिरणारं सगळं बाहेरच फेकलं जातं. आत्यांनी माझ्याच चहाच्या कपात चमचा फिरवला. पत्ती मधोमध. (माझी गाळणी फाटकी आहे, हेही त्यांना कळलं.) हे कोडं आइनस्टाइननं १९२६ मध्ये उकललं होतं. तळाशी घासून पाणी मंदावतं, तिथं ते कडेकडून मध्याकडं सरकतं आणि पत्ती ओढून नेतं. नदीच्या वळणावरही तेच होतं, बाहेरचा काठ ढासळतो, आतल्या काठाला वाळू साठते. आमच्या घोड-भीमेकाठी वाळू कुठं सापडते हे सांगायला मात्र आइनस्टाइन लागला नाही. ट्रॅक्टरवाल्यांना ठाऊकच होतं.

"मग कडंच्या तोटीनं हळू काढायचं, अन् खालचं दोन लिटर सोडून द्यायचं. तितंच घोडं अडतं. त्याला सोडवत नाय! पातेलं तिरकं करतो, फडक्यानं पिळतो. बापावर गेलाय. त्यानं बी वाटणीत बांधावरची बाभळ सोडली नव्हती."

बाभळीचं प्रकरण मला माहीत होतं, तरी मी पुन्हा ऐकलं. मग म्हटलं, "पण इतकं नितळ कशाला हवं? पुण्यात माझा भाचा पितो ती गव्हाची बिअर गढूळच असते, मुद्दाम."

"रंगाचंच येड सगळं. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस टाकायचे लोक. मालक टाकायचे नाहीत, तर आमची ढेप मागं पडायची. आता तोच काळा गूळ पुण्याची माणसं जास्त पैसे देऊन नेतात."

एवढ्यात त्यांची सून दारात आली. "आत्या, कसली बिअर?"

"बिअर नव्हं, बियाणं! ज्वारीचं बियाणं!" आत्यांनी गोधडी झटकली. सून आत गेल्यावर मान पुन्हा पुढं. "दिवाळीला येतोय. दोन बाटल्या आणणार म्हणतो. वैनी, तुमचा फ्रिज कोणता हाय? व्हर्लपूलच ना?"