पेन्सिल सेल आणि ठाम मतं

व्हिडिओ गेमच्या मासिकांत हातात धरून खेळायच्या गेम्सची पानं नेहमी शेवटी असत. कॉम्प्युटरचे आणि टीव्हीला जोडायचे गेम पुढे दोन-दोन पानं ऐसपैस पसरलेले. हे बिचारे मागे, जाहिरातींच्या शेजारी, अंगठ्याखाली झाकतील एवढ्या चित्रांसह. मी मासिक मागूनच उघडायचो. 'डिजिट'वाल्यांचं 'स्कोअर' असो की कुणाच्या आत्येभावाने अमेरिकेहून आणलेला एखादा अंक, रद्दीवाल्यामार्फत माझ्यापर्यंत येईतो मुखपृष्ठावरची सीडी कुणीतरी काढून घेतलेली असे. तिच्या जागी वाळलेल्या डिंकाचा पिवळट डाग आणि त्याला चिकटलेली धूळ. खेळायचं ते गेलं, वाचायचं तेवढं उरलं. माझं काही अडलं नाही, कारण खेळायला यंत्र होतं कुठे?

ज्या नाशकात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे पोरगं काहीतरी वाचतंय म्हटल्यावर घरचे फार खोलात जात नाहीत. इंग्रजी सुधारेल, एवढ्या आशेवर वडिलांनी या अंकांना अभय दिलं होतं.

घरात होता तो ब्रिक गेम. खोक्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं; आत विटा, रणगाडा, गाड्यांची शर्यत, बेडूक आणि मग हेच सगळं वेग बदलून पुन्हा. त्याला पेन्सिल सेल लागत. ते मान टाकायला लागले की आधी पँटवर घासायचे, मग गच्चीत उन्हाला ठेवायचे, मग दातांनी चावायचे. शेवटचा उपाय म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. त्यात एकच सेल. एक ताजा नि एक अर्धमेला अशा जोडीवर विटा फिकट पडत, पण पडत. घड्याळ मात्र सव्वाचारवर.

त्यामुळे कुठलंही परीक्षण हातात आलं की मी आधी सेल किती लागतात ते बघायचो. निंटेंडोचा गेम बॉय १९८९ साली आला. पडदा हिरवट, रंग नाहीत, आतून उजेड नाही. पुढच्याच वर्षी सेगाने गेम गिअर काढला, रंगीत आणि उजळ. त्याला सहा सेल, आणि तेही काही तासांत गार. गेम बॉयला चार, आणि ते कितीतरी जास्त टिकायचे. जिंकला गेम बॉय. त्याची कारणं सांगायला जाणकारांनी पानंच्या पानं खर्ची घातली. आमच्या आईने यंत्र उलटं करून सेलच्या खाचा मोजल्या असत्या आणि दुकानातच निकाल दिला असता. २००१ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सलाही आतून उजेड नव्हता. परीक्षकाची ती तक्रार मी लोडशेडिंगमध्ये मेणबत्तीपाशी वाचली आणि मनापासून सहमत झालो.

या सगळ्याचे मूळपुरुष गुनपेई योकोई. त्यांची गोष्ट कुठल्या ना कुठल्या अंकात येतेच. शिंकान्सेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यातून १९८० सालचं 'गेम अँड वॉच' सुचलं. गृहस्थ जपानात जन्मला ते बरं झालं. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चढला असता, तर पासधारकांनी त्याला चौथा भिडू म्हणून पत्त्यांना बसवलं असतं आणि कल्याण येईपर्यंत मान वर करू दिली नसती.

यंत्र नसल्याने माझी मतं मात्र फार ठाम झाली. सोनीने पीएसपीला दुसरी अ‍ॅनालॉग स्टिक द्यायलाच हवी होती, हे आम्ही कॉलेज रोडच्या कट्ट्यावर इतक्या तळमळीने मांडायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचं एकीवर भागत नाही. पहिलीलाही कुणी हात लावलेला नव्हता. नोकियाचा एन-गेज २००३ साली आला. त्यावर बोलायचं तर तो कडेवर उभा धरायचा, करंजी कानाला लावल्यासारखा. गेम बदलायचा तर आधी बॅटरी काढायची. त्याची टर आम्ही अशा थाटात उडवली, जणू कंपनीने आमचा सल्ला धुडकावला होता. आणि हे चालू असताना हातात काय, तर वडिलांचा ३३१० आणि त्यातला साप! अख्खं गाव तो साप खेळत होतं. त्याचं परीक्षण काही माझ्या वाचनात आलं नाही. फोनबरोबर फुकट आलेल्याला गुण कोण देतो?

जपानच्या 'फामित्सू' साप्ताहिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. चाळीसपैकी चाळीस फार थोड्यांच्या नशिबी आले. २००५ साली ते 'निंटेंडॉग्स'ला मिळाले. गेम काय, तर कुत्र्याचं पिल्लू पाळायचं. त्याला आंघोळ घालायची, फिरायला न्यायचं, माईकमध्ये नाव घेऊन हाक मारायची. जेवताना मी हे सगळं मोठ्या कौतुकाने आजीला सांगितलं. तिने उरलेली पोळी उचलली, मागचं दार उघडलं आणि "मोत्या, यू यू" केलं. मोत्या आला, पोळी खाऊन गेला.

"किती गुण म्हणालास?" आजीने हात धुताधुता विचारलं.