पर्यंत

आमच्याकडे नुकतंच '१०० एमबीपीएसपर्यंत' वेगाचं इंटरनेट आलं. कंपनीचं नाव सांगत नाही. दुरुस्ती तिच्याकडूनच करून घ्यायची आहे.

भाचीच्या लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ उतरवायला घेतला. सेकंदाला १०० एमबी, म्हणजे मिनिटाचं काम. मंगलाष्टकं काय, अंतरपाटसुद्धा ८ मिनिटांनी दिसला. फोन केला. पलीकडचा मुलगा समजुतीने म्हणाला, "काका, यातला बी लहान आहे." मला आधी वांगंच आठवलं. मग कळलं, वेग मोजतात बिटमध्ये, फाइल बाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट. इंग्रजीत बिटचा बी लहान काढतात, बाइटचा मोठा. आपल्या 'ब'ला लहान-मोठं कळतच नाही, त्यामुळे मराठी माणूस जाहिरात वाचतानाच आठपट श्रीमंत होतो. १०० भागिले ८, साडेबारा. रुपया सांगून दोन आणे हातावर.

बरं, हे दोन आणेही हॉलमध्ये. दोन भिंती ओलांडून वायफाय माजघरात पोहोचेपर्यंत १०० एमबीपीएसपैकी १८ उरतात. "केबल लावून मोजा," मुलगा म्हणाला. लावली. ९४ आले! म्हणजे वेग आहे, पण राउटरपर्यंत.

अमेरिकेतल्या मुलीशी बोलताना दोघंही एकदम बोलतो आणि दोघंही एकदम गप्प होतो. त्यावर कंपनीचा सल्ला : ३०० चा प्लॅन घ्या. रस्ता तिप्पट रुंद केला म्हणून कॅलिफोर्निया लोणावळ्याला येत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन २५ हजारांच्या वर अंतर असेल, तर उत्तराला वेळ लागणारच. हे सौ.ला पटलं. ती म्हणाली, जावई तसाही उशिराच उत्तर देतो.

सरकारचा बाणा मात्र वेगळा. २००४च्या धोरणात २५६ केबीपीएस मिळाले की ते ब्रॉडबँड. २०२३पासून २ एमबीपीएस. दोन्हीकडे शब्द 'किमान'. सरकार तळ सांगतं, कंपनी छत सांगते, आणि ग्राहक मधल्या पोकळीत गोल फिरणाऱ्या त्या चक्राकडे बघत बसतो.

आणि हो, डेटा 'अमर्याद' आहे. महिन्याला ३३०० जीबीपर्यंत.

काल संध्याकाळी उरलंसुरलंही बंद पडलं. माणूस पाच वाजेपर्यंत येतो म्हणालाय.