राजाचं तोंड पाच इंच

गेल्या दिवाळीत एका चकलीने माझे खालचे दोन दात नेले. त्या जागी आता कवळीचा तुकडा आहे. तो तारेच्या आकड्यांनी शेजारच्या दातांना धरून असतो. म्हणजे धरून असावा, अशी डॉक्टरांची इच्छा आहे. नेमक्या त्याच महिन्यात, वयाच्या ५७ व्या वर्षी, मी घोड्यावर बसायला शिकू लागलो. ‘आधी दात तरी सांभाळा,’ असं घरून सांगण्यात आलं.

माझ्या वाट्याला आला राजा. शर्यतीतून निवृत्त झालेला, आणि निवृत्तांना शोभेल इतपत कुरकुऱ्या. लगाम जरा ओढला की हा मान थेट आभाळाकडे करी. मग मला रस्ता दिसेनासा होई, नुसते त्याचे कान दिसत.

माझं निदान तयार होतं: लगामाचा तोंडातला लोखंडी तुकडा बदलायला हवा. त्याला मराठीत कडियाळं म्हणतात. तबेल्यात मी हा शब्द उच्चारला, तेव्हा मोतद्दाराने ‘बिट म्हणायचंय का साहेब?’ असं विचारून माझी मातृभाषेची सेवा जागीच थांबवली.

राजाचं बिट स्नॅफल जातीचं. हा त्यातला साधा प्रकार: तरफबिरफ काही नाही, हाताने जेवढं ओढाल तेवढंच तोंडात पोचणार. पण दुकानात गेलो तर या साधेपणाचेच पंचवीस अवतार टांगलेले. एका सांध्याचं, दोन सांध्यांचं, बिनसांध्याचं. कड्या कुठे सैल फिरणाऱ्या, कुठे घट्ट अंडाकृती, कुठे इंग्रजी ‘डी’सारख्या. ‘जाड तेवढं मऊ,’ हे दुकानदाराचं गणित मला पटलं आणि मी सगळ्यांत जाड उचललं. सहा इंची, कारण जुनंही सहा इंचीच होतं. घरी खर्चाचा विषय निघाला तेव्हा प्राचीन ग्रीक लेखक झेनोफॉनला पुढे केलं. घोड्यासाठी किमान दोन लगाम हवेत, एक गुळगुळीत आणि एक खरखरीत, असं त्याने २३०० हून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. ‘त्याला पेन्शन किती होती?’ एवढंच विचारण्यात आलं.

नवं बिट घातल्यावर राजाने तोंड मिटायचंच सोडलं. बारीक जबड्यात ती जाडी मावेना. मोतद्दाराने मग त्याचा ओठ वर करून मला आतला भूगोल दाखवला. पुढे बारा दात, पार मागे दाढा, आणि मधे मोकळी हिरडी. लोखंड बसतं ते तिथे. राजाला ही मोकळी जागा निसर्गाने दिली, मला चकलीने.

नंतर सुतळीने माप घेतलं. ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पाच इंच! दोन्हीकडे पाव-पाव इंच सुटलं की पुरे. आमचं सहा इंची लोखंड एक बाजू ओढली की सरकायचं, दोन्ही ओढल्या की मधला सांधा टाळूला टोचायचा. शिकवणाऱ्याला हे आधी का दिसलं नाही, असं मी विचारणार होतो. पण तो फी आगाऊ घेतो.

मोतद्दार सारंगखेड्याकडचा, दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या घोडेबाजारात वाढलेला. काटेरी लगामांवर प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, हे मी त्याला रुबाबात ऐकवलं. तो काही बोलला नाही. त्याने बिट स्वतःच्या दोन मुठींत धरलं, वाद्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, ‘चालवा.’ मी डोळे मिटून मनातल्या मनात रपेट केली. दोन मिनिटांनी त्याने तळवे उघडले. लालबुंद होते.

आता राजाच्या तोंडात साडेपाच इंची, दोन सांध्यांचं, बेताच्या जाडीचं बिट आहे. ओठाच्या कोपऱ्याला एक हलकी सुरकुती पडते, ती पडायलाच हवी म्हणतात. राजा ते शांतपणे चघळतो. मी वाद्या हातात अंडी असल्यासारख्या धरतो.

कवळी मात्र अजून सरकते. परवा डॉक्टरांना दाखवायला गेलो. त्यांनी आत बोट घालून ती दोनदा खेचली आणि म्हणाले, ‘उत्तम बसलीय. सवय होईल.’

मी मान छताकडे केली.