स्टेडियमची किल्ली कुणाकडे?

बारावीचा निकाल लागला की जाहिराती सुरू होतात. क्रीडा व्यवस्थापनात पदवी, पदविका, एमबीए. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर फ्लडलाइट, खच्चून भरलेलं स्टेडियम आणि गळ्यात पास अडकवलेला हसरा तरुण. आतल्या पानावर फीचा तक्ता. तो वाचेपर्यंत पालकांचं हसू मावळलेलं असतं.

पोरगं म्हणतं, आयपीएलमध्ये काम करायचंय. बाप विचारतो, म्हणजे नेमकं काय करणार? बापाचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर पोरानं नाही, कॉलेजनं द्यायला हवं.

आधी एक सांगून टाकतो. हा विषय थिल्लर नाही. 1957 साली ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांनी जेम्स मेसन या प्राध्यापकांना पत्र धाडलं. स्टेडियम चालवायचं शिक्षण घेतलेला माणूस हवा असेल तर मी कुणाकडे जायचं, असा त्यांचा सवाल होता. त्यातूनच 1966 साली ओहायो विद्यापीठात अभ्यासक्रम सुरू झाला. तिथे आधी नोकरी देणारा उभा राहिला, मग वर्ग भरला.

आपल्याकडे वर्ग भरलेत. नोकरी देणारा कुठाय?

संस्था आहेत, आणि त्यांत चांगल्याही आहेत. कोलकात्यात पदविका आहे, पुण्यात सिम्बायोसिसचं क्रीडाशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय आहे, मुंबईत माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी 2010 मध्ये काढलेली संस्था आहे. हे तेच नीलेश, ज्यांनी 1997 मध्ये कोलंबोला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर अटापट्टूला बाद केलं. पुढे त्या डावात श्रीलंकेनं 6 बाद 952 केल्या आणि नीलेशना 70 षटकं टाकूनही दुसरी विकेट मिळाली नाही. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं ते स्कोअरकार्ड भिंतीवर लावावं. पहिला चेंडू सगळ्यांना दिसतो, नोकरी उरलेल्या षटकांची असते.

पैसा आहे का? आहे. 2023 ते 2027 या पाच हंगामांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले. पण संघ 10. प्रो कबड्डीचे 12. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, कायमची माणसं मोजकी. बाकीचे महिने पोरानं काय करायचं?

माहितीपत्रकात त्याला पान नाही.

मग येते इंटर्नशिप. मॅरेथॉनच्या दिवशी पहाटे तीनला उठायचं, बॅरिकेड ओढायचे, पाण्याच्या बाटल्या रांगेत लावायच्या, शेवटी रस्त्यावरचे कप उचलायचे. हे काम हलकं नाही. ज्यानं कप उचलले नाहीत, त्यानं स्पर्धा भरवू नये. पण पहिल्या वर्षी बाटल्या, दुसऱ्या वर्षीही बाटल्याच, आणि मोबदला काय, तर टी-शर्ट आणि प्रमाणपत्र? हजारो रुपये प्रवेश फी घेणाऱ्या स्पर्धेला पोरांच्या घामाचे पैसे द्यायला काय होतं?

एवढं शिकून पोरगं बाहेर पडतं तेव्हा त्याला प्रायोजक कसा पटवायचा हे येत असतं. देशाच्या मैदानांना वेगळ्याच गोष्टींची गरज आहे.

छत्रपती संभाजीनगरचं विभागीय क्रीडा संकुल घ्या. 2024 च्या डिसेंबरमध्ये उघडकीस आलं की संकुलाच्या खात्यातून 21 कोटी 59 लाख रुपये गायब आहेत. पोलिसांचा आरोप कुणावर? महिना 13 हजार पगाराच्या कंत्राटी संगणक ऑपरेटरवर. पोलिसांच्या म्हणण्यानुसार संकुलाच्या लेटरहेडवर बँकेला पत्र गेलं, खात्याला जोडलेला ई-मेल बदलून घेतला गेला, मूळच्या पत्त्याशी मिळताजुळता. नेटबँकिंग सुरू झालं आणि पैसे वळत राहिले. मग महागड्या गाड्या आल्या, फ्लॅट आला.

खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण महिनोन् महिने बँकेचं स्टेटमेंट कुणीच उघडलं नाही? हा गुन्ह्याच्या आधीचा गुन्हा आहे. खेळाडूंच्या ट्रॅकचे, मॅटचे, वसतिगृहाचे पैसे होते ते. महिन्याला एकदा खात्याचा ताळमेळ घेणारा एक माणूस असता तर पहिल्याच लाखाला बोंब झाली असती. हेच क्रीडा व्यवस्थापन. त्यात फ्लडलाइट नाहीत.

दुसरा प्रसंग सहारनपूरचा, सप्टेंबर 2022. उत्तर प्रदेशातली 17 वर्षांखालच्या मुलींची राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धा. मुलींचा भात स्वच्छतागृहात ठेवला होता. परातीत भात, खाली कागदावर पुऱ्या, पलीकडे मुताऱ्या, आणि पोरी ताटं घेऊन आत जाऊन वाढून घेतायत. व्हिडिओ देशानं पाहिला, क्रीडा अधिकारी निलंबित झाला. खुलासा आला की जागेची अडचण होती. जागेची अडचण असते म्हणूनच व्यवस्थापक नेमायचा असतो ना?

दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममधून खेळाडूंना संध्याकाळी सातलाच बाहेर काढतात, कारण एक सनदी अधिकारी कुत्रा फिरवायला येतात, असा आरोप 2022 मध्ये झाला. अधिकाऱ्यांनी तो नाकारला. सरकारनं त्यांना लडाखला धाडलं. खेळाडूंना तेवढ्यापुरता ट्रॅक मिळाला, पण स्टेडियमची किल्ली अधिकाऱ्यांकडेच राहिली.

आपण हसायचं कारण नाही. 2020 च्या डिसेंबरात आपल्या विधिमंडळानं आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचं विधेयक मंजूर केलं. जून 2021 मध्ये त्याच विद्यापीठाच्या कामासाठी बालेवाडीला बैठक झाली आणि बड्या मंडळींच्या गाड्या थेट ॲथलेटिक्सच्या ट्रॅकवर चढल्या. ज्या ट्रॅकवर पोरांना साधी चप्पल घालून पाय ठेवू देत नाहीत, तिथे टायर. क्रीडा आयुक्तांनी दिलगिरी व्यक्त केली. गेटवर हात आडवा करून 'साहेब, गाडी इथंच थांबेल' म्हणणारा कुणी नव्हता.

तसा माणूस पदवीनं तयार होतो का? पदवीनं अर्धा होतो. उरलेला अर्धा त्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या नियमानं होतो.

बेंगळुरूला 4 जून 2025 ला तर माणसं मेली. आरसीबीनं कप जिंकला, क्लबच्या सोशल मीडियावरून चाहत्यांना मिरवणुकीचं आवतण गेलं, चिन्नास्वामीच्या गेटवर लाखोंचा लोंढा आला. 11 जण चेंगरून गेले. दोषाचं वाटप चौकशीत होत राहील. आवतण धाडायला माणूस होता. कुठलं गेट कधी उघडायचं, कुठली रांग कुठे तोडायची, हे ठरवायला तेवढाच हुशार माणूस का नव्हता? गर्दीचं शास्त्र या अभ्यासक्रमाचा पहिला पेपर असायला हवा. मार्केटिंग नंतर बघू.

फुटबॉलचं पाहा. महासंघानं 2010 मध्ये व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी 700 कोटींना दिले. म्हणजे करार 2025 च्या डिसेंबरात संपणार, हे पहिल्या दिवसापासून लेखी होतं. तरी जुलै 2025 मध्ये आयएसएल या लीगचा हंगाम स्थगित, ऑगस्टमध्ये क्लबांनी पगार रोखले. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, मान्य. पण कॅलेंडर तर भिंतीवरच होतं.

आणि कुस्ती? 2023 च्या एकट्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र केसरी दोन झाले. एक फुलगावला, एक धाराशिवला. संघटना दोन, गदा दोन. पैलवानानं मेहनत किती गदांसाठी करायची?

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. आपल्या बहुतेक जिल्हा संघटनांचं कार्यालय म्हणजे मानद सचिवांच्या घराचा पत्ता. लेटरहेड, शिक्का आणि पासबुक एकाच पिशवीत. निवडीचं पत्र स्पर्धेच्या चार दिवस आधी व्हॉट्सॲपवर येतं. मग रेल्वेची वेटिंगची तिकिटं, मग खो-खोच्या पोरी डब्याच्या दाराशी बॅगांवर बसून रात्र काढतात आणि सकाळी मॅटवर उतरतात. हरल्या की बातमी येते, 'अनुभव कमी पडला.'

झोप कमी पडली.

पदवी घेतलेलं पोरगं या सचिवांकडे गेलं तर ते प्रेमानं म्हणतात, ये की, हातभार लाव. पगाराचं विचारलं की विषय बदलतो. यातल्या कित्येकांनी पदरमोड करून खेळ जगवला, हे खरं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण पदरमोडीवर एक पिढी निघते, चार नाही.

खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. 1952 चं कांस्यपदक त्या गहाणखतावर आलं. तो मोठेपणा खर्डेकरांचा. लाज व्यवस्थेची. आणि त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेला 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळेपर्यंत मधे 72 वर्षं गेली. तेवढ्या काळात वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या दुसऱ्या कुणाला मिळालं नाही.

आज तर खेळाडूचं कागदी कामही वाढलंय. उत्तेजक चाचणीच्या यादीत नाव असलेल्या खेळाडूला रोज एक तास आपण कुठे सापडू, हे आगाऊ कळवावं लागतं. 12 महिन्यांत तीनदा चुकलं तर दोन वर्षांपर्यंत बंदी, शरीरात औषधाचा कण नसला तरी. गावातून आलेल्या, इंग्रजी फॉर्मला बिचकणाऱ्या धावपटूनं हे एकट्यानं सांभाळायचं? प्रत्येक जिल्ह्यात या एका कामाला माणूस हवा. पदवीधर बसलेत की घरी.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं क्रीडा प्रशासनाचा कायदा केला. राष्ट्रीय मंडळ, लवाद, कार्यकारिणीत 15 पेक्षा जास्त माणसं नकोत, महिला हव्यात, नामवंत खेळाडू हवेत. उत्तम. पण कार्यकारिणी अधूनमधून भेटते. तिकीट, जेवण, मॅट, हिशेब यांना रोज माणूस लागतो.

तेव्हा पालकहो, फीचा धनादेश लिहिण्याआधी कॉलेजला तीन गोष्टी विचारा. मागच्या तुकडीतलं कोण कुठे, किती पगारावर लागलं? इंटर्नशिपला पैसे मिळतात का? शिकवणाऱ्यांपैकी कुणी कधी संकुल चालवलंय, की सगळे स्लाइड दाखवणारे? उत्तर द्यायला 'नंतर कळवतो' म्हणाले तर चहा पिऊन परत या.

आणि सरकारला एकच विचारणं. राज्यात विभागीय संकुलं आहेत, जिल्ह्याची आहेत, तालुक्यांची आहेत. एकेका विभागीय संकुलापासून सुरुवात करा. प्रशिक्षित व्यवस्थापकाची जाहिरात काढा, पगार लिहा, खेळाडूंचा एक प्रतिनिधी मुलाखतीला बसवा. नेमलेल्या माणसानं पहिल्या दिवशी मैदानाला फेरी मारावी, स्वच्छतागृहं बघावीत, आणि दुपारी बँकेत जाऊन खात्यावर कुणाच्या सह्या आहेत ते तपासावं.