टकलं आभाळ

आमच्या सोसायटीतले नाना रोज सकाळी गॅलरीत येतात, मान वर करतात आणि "हं, आज पुन्हा टकलं!" असं पुटपुटून आत जातात. स्वच्छ निळं आभाळ बघून बाकीच्यांना बरं वाटतं, नानांना मात्र ढग लागतात. तेही पिंजलेल्या कापसासारखे, आडवे पसरलेले आणि खालून उजळलेले. बँकेत होते तेव्हा सही जुळली नाही की ते चेक परत करायचे. निवृत्तीनंतर त्याच करड्या नजरेनं निसर्ग परत करतात.

फंडाच्या पैशांतून कॅमेरा आला आणि त्यामागून फिल्टर आले. "लोक नालासाठी घोडा घेतात," वहिनी म्हणतात, "आमच्याकडे घोडा परवडला, नालांनी दिवाळं काढलं!" या काचा जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेल्या असतात, आणि त्या डब्याला हात लावायची परवानगी नातवालाही नाही.

नानांचं शास्त्र पक्कं आहे, हे मान्य करायला हवं. भर दुपारी फोटो काढायचा नाही, हा पहिला नियम. "बाराच्या उन्हात काढतात तो पंचनामा," असं त्यांनी पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच ऐकवलं होतं. फोटो काढायचा तो सूर्य उगवल्यावर किंवा मावळण्याआधी, सोनेरी उजेडात. त्याला इंग्रजीत 'गोल्डन अवर' म्हणतात, पण आपल्याकडे तो तासभर टिकत नाही. विलायतेत सूर्य तिरका, रेंगाळत उतरतो. आपल्या अक्षांशावर तो पाच वाजता काउंटर बंद केल्यासारखा जवळजवळ सरळ खाली जातो. चांगला उजेड मिळतो तो अर्ध्या तासाच्या आसपास, आणि त्यातली वीस मिनिटं नानांची ट्रायपॉडचे पाय सरळ करण्यात जातात.

पोलरायझर हा त्यांचा लाडका फिल्टर. सूर्यापासून काटकोनात असलेलं आभाळ त्यानं सर्वांत गडद होतं आणि ओल्या पानांवरची चकाकीही मरते. काटकोन शोधायला नाना तर्जनी सूर्यावर रोखतात, अंगठा ताठ करतात आणि मनगट फिरवतात. अंगठा जिकडे वळेल ते आभाळ कामाचं. कासच्या पठारावर सगळे फुलं बघत असताना आमचे नाना सूर्यावर पिस्तूल रोखून उभे होते. रखवालदार दोनदा चौकशी करून गेला.

एकदा पावसाळ्यात आम्ही चार कुटुंबं ताम्हिणीला गेलो. नानांनी दहा स्टॉपचा एनडी लावला. ही जवळजवळ काळीच काच, वेल्डिंगवाल्याच्या चष्म्यासारखी. ती उजेड हजारपट कमी करते, त्यामुळे सेकंदाच्या पंधराव्या भागात होणारं काम मिनिटावर जातं. (बँकेतल्या माणसाला हे आवडणारच.) धबधब्याखाली आम्ही मिनिटभर नाचलो, हात हलवले, किंचाळलो. फोटो आला तेव्हा पाणी दुधासारखं मऊ झालेलं होतं आणि आम्ही चौदाही जण गायब. वहिनींच्या जागी एक जांभळट धूर होता. तो साडीवरून ओळखला.

"तुम्ही हललात," नाना म्हणाले.

कुणी कुरकुर केली की नाना ॲन्सल ॲडम्सला साक्षीला काढतात. 1927 साली त्यानं अमेरिकेतल्या योसेमिटीत हाफ डोम नावाच्या कड्याचा फोटो आधी पिवळ्या फिल्टरनं काढला. मग हातात एकच काचप्लेट उरली असताना गडद लाल फिल्टर लावला. निळं आभाळ काळंभोर उतरलं आणि कडा अंगावर आला. ही गोष्ट खरी आहे, आणि ती सांगताना नानांचा आवाज कीर्तनकारासारखा चढतो. मला ती दर वेळी आवडते. शेवटची प्लेट तशी लावायला छाती लागते. नानांकडे मात्र हजार फोटोंचं कार्ड असतं आणि घरी येतात ते अकरा फोटो घेऊन.

पण सप्टेंबरातली सिंहगडाची संध्याकाळ विसरता येत नाही. सर येऊन गेली होती, पाठीमागे सूर्य ढगाबाहेर आला आणि खडकवासल्याच्या बाजूला भलंमोठं इंद्रधनुष्य उमटलं. भजीवाल्या मावशीसुद्धा झारा हातात घेऊन बाहेर आल्या. आम्ही ओरडलो, "नाना, धनुष्य!" नानांनी कॅमेऱ्याला डोळा लावला.

"कुठाय?"

"तुमच्या समोर!"

"समोर नुसते ढग आहेत. ढग छान आहेत पण."

इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो. पोलरायझर नको त्या कोनात फिरलेला असेल तर भिंगातून धनुष्य पुसलं जातं. नानांनी तो आभाळ गडद करण्यासाठी बरोब्बर त्याच कोनात फिरवून ठेवला होता. कॅमेऱ्यावरून डोळा काढून नुसतं बघावं, हे त्यांना सुचलं नाही आणि आम्ही सांगितलेलं पटलं नाही. आमच्या दृष्टीबद्दल त्यांनी एकदोन शेरेही मारले. शेवटी नातवानं फिल्टरची कडी फिरवली. "अरे हो की!" म्हणेपर्यंत सूर्य ढगात गेला होता.

नाना येत्या रविवारी पहाटे पावणेचारला तिकोन्याला निघतायत. मागच्या सीटवर एक जागा रिकामी आहे. येणाऱ्यानं चहाचा थर्मास आणावा. आणि इंद्रधनुष्य दिसलंच तर ओरडू नये, आधी नानांच्या कॅमेऱ्यावरचा फिल्टर काढून खिशात टाकावा.